पहिलं घोसाळं

भिसेगावात स्वतःच्याच शेतावर उभ्या राहिलेल्या बिल्डिंगीत आनंदीबाई एकट्या राहतात. गॅलरीत रंगाच्या रिकाम्या डब्यात त्यांनी घोसाळी लावली. वेलाचं पहिलं फळ शेजाऱ्याला द्यायचं, मगच आपण खायचं, ही त्यांच्या घरची रीत.

पहिलं घोसाळं घेऊन त्यांनी समोरची बेल वाजवली. सुरभीनं साखळी न काढताच विचारलं, "कसं दिलं, मावशी?"

"इकत नाय गं. पयलं हाय, तुला आणलंय."

"नको, आम्ही ऑनलाइन मागवतो."

दार बंद. असल्या दारांना बेल लावतात तरी कशाला? मजल्यावरची बाकीची दोन दारं तर उघडलीच नाहीत.

आता वेलावर नऊ घोसाळी जून होऊन लटकतायत. पहिलं कुणी घेतलंच नाही, म्हणून आनंदीबाई रोज नुसता डाळभात खातात.