देवजींच्या गाडीचा डावा आर्म

मी एका जुन्या मोटारीचा डावा लोअर आर्म आहे. नाव ऐकून गोंधळू नका, मित्रांनो. पुढच्या चाकाला गाडीच्या सांगाड्याशी धरून ठेवणारा लोखंडी हात म्हणजे मी. चाकाला वरखाली होऊ द्यायचं, पण जागा सोडू द्यायची नाही, एवढंच माझं काम.

जाड पत्रा दाबून मला घडवलं. सांगाड्याकडच्या बाजूला धक्के शोषणारे रबरी बुश बसवले आणि चाकाकडच्या टोकाला बॉल जॉइंट, म्हणजे वाटीत फिरणारी एक गुळगुळीत गोळी. तिच्याभोवती ग्रीस, वर रबरी टोपी. असा मी टोकावड्याच्या देवजींच्या घरी आलो. तांदळाची पोती, लग्नाची माणसं, म्हशाच्या जत्रेतून आणलेली घोंगडी, सगळ्यांचा भार मी पेलला. "गाडी लय दणकट हाय," देवजी अभिमानाने सांगत. ते ऐकून मलाही बरं वाटे.

वर्षं गेली. माझ्या बुशांना चिरा पडल्या. टोपी फाटली, ग्रीस वाहून गेलं आणि गोळीपाशी चिखल शिरला. खड्डा आला की मी 'ठक' असा आवाज करू लागलो. टायर आतल्या बाजूने झिजू लागला. देवजींची सून स्नेहल गाडी चालवायची. तिने तो आवाज लगेच ओळखला.

"आबा, पुढून कायतरी वाजतंय. गॅरेजला दाखवूया."

"रस्त्याचा आवाज हाय गो," देवजी म्हणाले. "जुनी गाडी वाजायचीच."

मी वाजत राहिलो.

देवजींची लेक अनिता बाळंतपणाला माहेरी आली होती. एका सकाळी तिला कळा सुरू झाल्या. स्नेहलचा नवरा वाशिंदला कामावर गेलेला. स्नेहलने गाडी काढली. मागच्या सीटवर अनिता आणि तिला धरून बसलेले देवजी. मुरबाडचा दवाखाना गाठायचा होता.

टोकावडं मागे पडलं आणि चाक एका खोल खड्ड्यात आदळलं. माझा बुश फाटला. गोळी वाटीतून अर्धी वर आली. मी जिवाच्या आकांताने चाक धरून ठेवलं. पुढे शेळ्या आडव्या आल्या, स्नेहलने ब्रेक दाबला, तशी गाडी डावीकडे ओढली गेली. तिने कशीबशी ती कडेला घेतली आणि उतरून पाहिलं. चाक तिरकं झालं होतं.

"थांबलीस कशाला?" देवजी ओरडले. "पोरीचे हाल बघ! चल!"

"चाक फाकलंय, आबा. पुढं पूल हाय. मी नाय नेणार."

"हळूहळू ने!"

"नाय."

अनिता कण्हत म्हणाली, "वयनी, मला लय भीती वाटते गो."

"मलापण वाटते. म्हणूनच थांबले," स्नेहल म्हणाली.

तेवढ्यात घाटाकडून एसटी येताना दिसली. स्नेहल रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. ब्रेक करकचून लागले. एसटीतल्या बायकांनी अनितासाठी भराभर मागची सीट मोकळी केली. "थेट दवाखान्याच्या दारात सोडतो," ड्रायव्हर म्हणाला. चढता चढता स्नेहलने टोकावड्याच्या सुयोग मेकॅनिकला फोन लावला आणि आबांना गाडीपाशी थांबायला सांगितलं. एसटी निघून गेली.

मागे उरलो देवजी आणि मी. दीड-दोन तास झाले तरी सुयोग आला नव्हता. ते फेऱ्या घालत होते. मध्येच एसटी गेलेल्या दिशेला पाहत होते. शेवटी त्यांना राहवेना. ते ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि त्यांनी गाडी सुरू केली. मित्रांनो, मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो! गाडी वीतभर सरकली. माझी गोळी वाटीच्या काठावर करकरली.

तोच सुयोगची मोटारसायकल समोर येऊन आडवी थांबली. "काका, आदी गाडी बंद करा! खाली उतरा!"

त्याने जॅक लावून गाडी उचलली. चाक वरून-खालून धरून हलवलं, तर ते हलत्या दाढेसारखं डुगडुगलं. मग त्याने माझ्याखाली पहार घातली आणि जरासा जोर दिला. खट्! गोळी वाटीतून निसटली. चाक लुळं पडलं.

"एवढ्याशा जोरानं?" देवजींनी वाकून बघत विचारलं.

"एवढ्याशाच."

देवजी तिथेच मातीत बसले. खिशातला फोन वाजला, पण तो उचलायचा धीर त्यांना होईना. सुयोगने तो त्यांच्या कानाला लावला.

"आबा, मुलगी झाली," पलीकडून स्नेहल सांगत होती. "दोघीपण बऱ्या हायत."

देवजी डोळे पुसत म्हणाले, "पोरी, तू थांबलीस म्हणून गो."

सुयोगने नवे आर्म आणवले. उजवाही झिजला होता, म्हणून दोन्ही बदलले. गाडी चाकांवर उभी केल्यावरच त्याने बुशांचे बोल्ट आवळले, नाहीतर नवं रबर पिळून लवकर फाटतं. मग मुरबाडला जाऊन चाकांची अलाइनमेंट करून घेतली. त्याच गाडीतून बाळ-बाळंतीण घरी आली.

मी आता सुयोगच्या गॅरेजमागे भंगारात पडून आहे. माझी तक्रार नाही. फक्त एक विनवणी आहे, मित्रांनो. रोजच्या वापरातली एखादी वस्तू वेगळा आवाज करू लागली, तर त्याची सवय करून घेऊ नका. थांबा, तपासा, दुरुस्त करा. माझ्या जागी दुसरा आर्म मिळाला. त्या गाडीत बसलेल्या माणसांच्या जागी दुसरं कोणी मिळालं नसतं.