मिडी कीबोर्ड आणि बापूरावांचा उजवा हात

बापूरावांनी नव्या कीबोर्डची पट्टी दाबली आणि काहीच झालं नाही. शेजारची दाबली, तरी मुकाटच. मग सवयीने त्यांनी त्या यंत्राची पाठ चाचपली. भाता कुठे असेल?

"बाबा, याले भाता नसते," नंदिनी म्हणाली. "म्हणून तर आणलं."

ब्रह्मपुरीजवळच्या त्या गावात विहारातल्या गायनपार्टीची पेटी वर्षानुवर्षं बापूरावच वाजवत. पण लकव्यात त्यांचा डावा हात गेला, आणि भाता हलवायचा तो डाव्यानेच. उजवा धडधाकट असून बिनकामाचा झाला. आता बुद्धपौर्णिमा तोंडावर आली, तेव्हा चंद्रपूरला शिक्षिका असलेल्या लेकीने हे मिडी कीबोर्ड नावाचं प्रकरण आणलं. बाबांनी एका हाताने का होईना, पुन्हा पार्टीत बसावं एवढंच तिला हवं होतं.

"मंग आवाज कुठी हाय?"

"आवाज लॅपटॉपात. हे फक्त त्याले सांगते, कोणती पट्टी दाबली अन् किती जोरात."

"मंजे चुगलखोर हाय म्हण ना."

नंदिनीने वायर लॅपटॉपला जोडली, पडद्यावर पेटीचा आवाज निवडला आणि कपाटावरचा ब्लूटूथ स्पीकर चालू केला. बापूरावांची बोटं कीबोर्डवर आणि सूर कपाटावरून! ते पुन्हा पुन्हा मान वळवून वर बघत. एकदा चुकून कसलं तरी बटण दाबलं गेलं आणि त्यांचा सा थेट वरच्या सप्तकात जाऊन बसला. कोपर कीबोर्डवरच्या एका रबरी चौकोनाला लागलं तर ढोल वाजला, आणि तांदूळ निवडत बसलेल्या त्यांच्या पत्नी सत्यशीलाबाई दचकून म्हणाल्या, "अवो, हे काय लावलं?"

इथवर गंमत होती. मग बापूरावांनी नेहमीच्या गाण्याची एक धावती जागा घेतली आणि थबकले. बोट पट्टीवरून उठायचं, तेव्हा कुठे सूर ऐकू यायचा. त्यांनी घाई करून पाहिली, सूर मागेच. जोर लावला, तरी मागेच.

दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, दुसरा हात संथ वाटला तर एक मिनिट थांबू नका. म्हणजे आता उजवाही चालला?

माणूस घाबरला की डोकं गहाण ठेवतो. बापूरावांनी दवाखान्याचं नाव काढलं नाही. गुपचूप न्हाणीत जाऊन उजव्या हाताने भरलेली बादली उचलली. उचलली गेली. सदऱ्याची गुंडी काढली, लावली. लागली. मग परत येऊन पट्टी दाबली, तर सूर उशिराच. हात बरा म्हणावा तर हे काय, आणि गेला म्हणावा तर बादली कोणी उचलली? काही उमजेना. रात्री जेवण गेलं नाही.

सकाळी ते लेकीला म्हणाले, "वापस कर हे. मले नाई जमत. पार्टीत दुसऱ्याले बसवा म्हण."

"एका दिवसात नाई जमत?" नंदिनीचा आवाज चढला. "तुमाले वाजवाचंच नाई, असं सांगा ना सरळ!" डोळे पुसत ती स्वतःच कीबोर्डसमोर बसली आणि रागारागाने सारेगम बडवू लागली.

बापूराव तिच्या बोटांकडे बघत होते. बोट खाली गेलं. सूर मागून आला. पुन्हा तेच.

"नंदा! तुया हातबी?"

"काय माया हात?"

"सत्यशीला, इकडं ये वो. दाब हे. दाब म्हणतो ना!"

सत्यशीलाबाईंनी पदराला हात पुसून बिचकत एक पट्टी दाबली. त्यांचाही सूर उशिरा आला. बापूराव बायकोकडे बघत राहिले, मग लेकीकडे. अख्ख्या घराला एकाच दिवशी लकवा मारत नाही, हे त्यांच्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागला. शिरलं तसे ते मटकन खाली बसले आणि रडायलाच लागले.

"माया हात बरा हाय," ते म्हणाले. "कालपासून मी हा हात गेला समजून राह्यलो होतो."

"अन् मले नाई सांगतलं?" सत्यशीलाबाई ओरडल्या.

बिनतारी स्पीकरमधून आवाज उशिरा येतो, हे नंदिनीला ठाऊक होतं. पण ते कोणाला असं लागेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तिने पर्समधून वायरचे इअरफोन काढले, लॅपटॉपला जोडले आणि बाबांच्या कानात घातले.

बापूरावांनी एक पट्टी दाबली. सूर बोटाखालीच होता. मग मात्र त्यांनी वर पाहिलं नाही. हात धावू लागला, मान डोलू लागली. खोलीत नुसती प्लास्टिकची टकटक.

"आई, थांब, तुलेबी ऐकवते," नंदिनी इअरफोन काढायला वाकली.

"राहू दे," सत्यशीलाबाईंनी तिचा हात धरला. इतकी वर्षं त्या पार्टीत पेटीच्या बाजूलाच बसून गात आल्या होत्या. नवऱ्याच्या बोटांवरची नजर न हलवता त्यांनी गाणं ओळखलं आणि त्याचं धृपद उचललं.