पोचल्याचा फोन

"बसा सगळे. एकच मिनिट," तमारा म्हणाली.

तिचा नवरा ग्लेन गाडीची किल्ली घेऊन दारात उभा होता. त्याची बहीण रोंडा शेवटची पिशवी उचलत होती. आणि त्या दोघांची आई, चौऱ्याऐंशी वर्षांची विनी, निळा कोट गळ्यापर्यंत बंद करून वॉकरला धरून उभी होती.

"आता काय बसायचं, टॅमी? अकराला तिथं पोचायचंय," रोंडा म्हणाली.

"प्रवासाला निघताना बसतात."

"चाळीस मिनिटांचा रस्ता! प्रवास कसला डोंबलाचा?"

"टेक गं जरा," ग्लेन हसू दाबत म्हणाला. "बसल्याशिवाय ती सोडत नाही. एकदा यापायी आमचं विमान चुकता चुकता राहिलंय."

विनी बूट घालायच्या बाकावर बसली. रोंडा पिशवीवरच टेकली आणि घड्याळाकडे बघत राहिली. सगळे गप्प झाल्यावर फ्रिजची घरघर ऐकू यायला लागली. मिनिटभरानं तमारा उठली, म्हणाली, "चला, देवाचं नाव घेऊन." रोंडा मागं थांबणार होती, कारण भाड्यानं आणलेला दवाखान्याचा पलंग न्यायला दुपारी माणूस यायचा होता. निघताना तमाराला तिला एक गोष्ट सांगायची होती. ती ओठांपर्यंत आलीही होती. पण आधीच बसण्यावरून एवढं हसं झालेलं, त्यात आणखी भर कशाला म्हणून ती गप्प बसली. नंतर कितीतरी दिवस ती या गप्प बसण्यावरून स्वतःला शिव्या देत होती.

वृद्धाश्रमात जायचा बेत विनीचा स्वतःचा होता, आणि तमाराला तेच सगळ्यांत जास्त लागलं होतं. मुलानं आईला घराबाहेर काढलं असतं तर नवऱ्याशी कडाकडा भांडता तरी आलं असतं. दोन वर्षांपूर्वी विनीचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून ती इथं खालच्या खोलीत राहत होती. तमारा सकाळी तिला आंघोळ घालायची, केस विंचरायची, मग ड्रायक्लीनरच्या दुकानात आठ तास लोकांच्या पँटी आखूड करायची आणि घरी येऊन पुन्हा हिच्यासाठी वेगळं, बिनलसणीचं जेवण करायची. तिला त्यात विशेष काही वाटत नव्हतं. तिकडं युक्रेनमध्ये, पोल्तावाला तिच्या गल्लीत सासूला दुसऱ्याच्या दारात धाडणाऱ्या सुनेकडे कुणी ढुंकून बघितलं नसतं.

आणि एक दिवस नाश्त्याच्या टेबलावर विनीनं छापील पत्रक पुढं सरकवलं. "जागा बघून आले मी. तळ्याच्या बाजूची खोली मिळतेय."

"माझं काय चुकलं?" तमारानं विचारलं.

"काही चुकलेलं नाही."

"मग?"

"हे बघ, तू मला आंघोळ घालतेस. नोकरीवर ठेवलेल्या बाईला मी 'आज नको' म्हणू शकते. तुला कशी म्हणू?"

"का नाही म्हणू शकत? म्हणा ना!"

"नाही म्हणता येत," विनी म्हणाली आणि टोस्टला लोणी लावायला लागली. तिच्या लेखी विषय संपला होता.

सतरा वर्षं हे असंच चाललं होतं. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी गेली तेव्हा तमारानं तिला 'आई' अशी हाक मारली. विनी गडबडली आणि हसून म्हणाली, "मला आपली विनीच म्हण." वयानं एवढ्या मोठ्या बाईला नुसत्या नावानं हाक मारायची? तमाराची जीभ रेटेना. शेवटी तिनं सासूला कशानंच हाक मारली नाही. 'अहो, ऐकलंत का' यावर तिनं सतरा वर्षं काढली. त्याच दिवशी जेवताना विनीनं विचारलं, "आणखी बटाटे?" तमारा रीतीप्रमाणे म्हणाली, "नको, नको." आता दुसऱ्यांदा विचारतील, मग तिसऱ्यांदा, मग आपण घेऊ, असं मनात धरून ती बसली; तर बटाट्याचं भांडं उचलून आत गेलं. त्या दिवशी ती उपाशी झोपली. पुढं तमाराच्या घरी विनी यायची तेव्हा उलटी तऱ्हा. 'नको' म्हटलेलं कुणी ऐकायचंच नाही, ताटात वाढलेलं वाढतच जायचं आणि विनी बिचारी घाम पुसत संपवायची. पण यायची ती सांगून, ठरवून, आणि बाराला म्हणजे बारालाच. तमाराला तिची भीती वाटायची ती या बाराच्या ठोक्यामुळे.

आश्रमात सगळं छान होतं. उगाच खोट काढायची म्हणून तमारानं खिडकीच्या फटीतून वारा येतो का हेसुद्धा बघितलं. निघताना विनी म्हणाली, "नोव्हेंबरात टर्की खायला मी घरी येणारच आहे. उगाच तोंड पाडून जाऊ नका, मेले नाही मी." मग नेहमीसारखं, "बरं, गाडी सांभाळून चालव, ग्लेन," आणि दार लावून घेतलं.

घरी परतून दार उघडलं तो लिंबाच्या साबणाचा भपकारा आला. फरशी चकचकत होती. खालच्या खोलीत पलंग नव्हता, पडदे नव्हते, गालिचा गुंडाळून भिंतीला उभा केलेला. विनीचा सकाळचा कॉफीचा कप घासूनपुसून पालथा घातलेला होता. रोंडा बाह्या सरसावून, घामाघूम, कौतुकाची वाट बघत उभी होती.

"काही बोलू नकोस, टॅमी! दोन वर्षं तू राबलीस, एवढं तर मी करायलाच हवं होतं."

तमाराच्या हातातली पर्स खाली पडली. "कधी पुसलंस?"

"म्हणजे?"

"केर कधी काढलास? किती वाजता?"

"तुमची गाडी कोपऱ्यावर वळली न वळली तोच लागले कामाला. का गं?"

"त्या पोचल्यासुद्धा नव्हत्या!" तमारा ओरडली. तिचा आवाज इतका चढलेला त्या घरानं कधी ऐकला नव्हता. "माणूस रस्त्यात असताना केर काढतेस? मढं उचलल्यावर पुसतात घर असं! तुझी आई आहे ती, आई! तूच झाडून बाहेर काढलीस तिला!"

रोंडाचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं ग्लेनकडे पाहिलं. ग्लेन म्हणाला, "तमारा, ती मदत करत होती." म्हणाला ते खरंच होतं, म्हणून आणखीच झोंबलं. "तुमच्याकडं असतं तसलं काहीतरी," एवढं मात्र त्यानं म्हणायला नको होतं. रोंडानं ओल्या हातांनीच कोट घातला आणि डोळे पुसत दोन तासांच्या रस्त्याला लागली. ती गेल्यावर तमारानं काय केलं असेल? काही केलं नाही. रोंडा पोचल्याचा फोन ग्लेनला येईपर्यंत तिनं घरातल्या काडीला हात लावला नाही. इतका राग आला होता तरी.

पुढचे दोन आठवडे ती आश्रमात गेली नाही. ग्लेन रविवारी एकटाच जाऊन आला. घरात बोलणं मिठाच्या बरणीपुरतं उरलं. दुकानात सुया टोचून घेत तिनं मनाशी हजारदा घोकलं की असल्या गोष्टी खोट्या असतात. पण खोट्या म्हणून भीती जात नाही. नोव्हेंबरात विनी येणार नाही, ती आता त्या खोलीतून कधीच येणार नाही, आणि आपण दोन शब्द बोललो नाही म्हणून येणार नाही, हे तिच्या मनातून जात नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात विनीचाच फोन आला. "माझ्या पँटी फरशीवर लोळतायत. इथली बाई म्हणते पाय अडकून पडशील. तुला बुधवारी वेळ आहे का? दोन वाजता?"

बुधवारी दोनला तमारा सुयांची डबी आणि चेरी भरलेल्या करंज्यांचा डबा घेऊन गेली. विनी खुर्चीला धरून उभी राहिली आणि तमारा तिच्या पायाशी गुडघे टेकून बसली. दरवर्षी ती विनीच्या पँटी अर्धं बोट वर घ्यायची. कापड तेवढंच राहायचं, बाई कमी होत चालली होती.

दारातून मदतनीस मुलगी व्हॅक्यूम ढकलत आली. "खोली साफ करू का?"

"आत्ता नको. खाली सुया पडल्यात," विनी म्हणाली. मुलगी गेली. मग विनी वरूनच म्हणाली, "तू रोंडाला रडवलंस म्हणे."

तमाराच्या तोंडात चार सुया होत्या.

"ग्लेननं सांगितलं मला, पण त्याला स्वतःलाच धड कळलेलं नाही. म्हणून तुला विचारतेय. केर काढला तर काय होतं?"

तमारानं सुया काढून डबीत ठेवल्या. मान वर केली नाही. फरशीकडे बघूनच बोलणं सोपं होतं.

"निघालेलं माणूस पोचेपर्यंत घर झाडायचं नाही. झाडलं तर ते परत येत नाही. मी इकडं आले तेव्हा माझ्या आईनं दोन दिवस केर काढला नव्हता. फोन गेल्यावर काढला."

"बरं."

"माझी आई आली होती इथं, आठवतंय? तीन महिने राहिली. लसणाचा वास यायचा तुम्हाला."

"आठवतंय. माझ्या हाताचा मुका घेतला होता तिनं. मला काय करावं कळेना."

"ती परत गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही जेवायला येणार होतात. बाराला. आईचा फोन आला नव्हता, ती कीवहून गावच्या गाडीत होती. आणि घर नुसतं उकिरडा झालं होतं. पिठाचे हात, दोऱ्याचे तुकडे, सगळीकडं. मला लाज वाटली. तुमच्यापुढं लाज वाटली मला." "अकराला मी केर काढला. लादी पुसली. चार महिन्यांनी आई गेली. तिकीट मिळेपर्यंत माती झालीसुद्धा होती. आठ वर्षं झाली. ग्लेनलाही सांगितलेलं नाही मी. आईला मीच झाडून काढली."

विनीनं एका हातानं खुर्ची घट्ट धरली होती. दुसरा हात तमाराच्या डोक्याच्या जवळ आला, तिथं क्षणभर राहिला आणि परत गेला. असल्या गोष्टींची तिला सवय नव्हती.

"मी आले होते. बीटाचं सूप केलं होतंस," ती म्हणाली. "घर कसं होतं ते काही आठवत नाही. मी बघितलंच नव्हतं."

"हो."

"सांगितलं असतंस तर मी संध्याकाळी आले असते."

तमारा फरशीकडे बघत राहिली. तिला हे कधी सुचलंच नव्हतं. आठ वर्षांत एकदाही नाही.

"दुसरा पाय," विनी म्हणाली. तमारानं डोळे बाहीला पुसले आणि दुसऱ्या पायाचं मोजमाप घेतलं.

निघताना विनीनं करंजी खाल्ली. तमारानं "आणखी एक घ्या," म्हटलं, विनी "नको" म्हणाली, तमारानं पुन्हा म्हटलं, विनी पुन्हा "नको" म्हणाली आणि तिसऱ्यांदा स्वतःच डब्यात हात घातला. तमारानं सांडलेल्या सुया वेचल्या, पँटी पिशवीत भरल्या, कोट घातला. सतरा वर्षांच्या सवयीनं ती "बरं, गाडी सांभाळून चालव" ऐकायच्या तयारीत दारात थांबली.

"पोचलीस की फोन कर," विनी म्हणाली.

"कशाला? मी कुठं लांब जातेय?"

"कर म्हटलं ना."

वाटेत तमारा कोबी घ्यायला थांबली. मग पेट्रोल भरलं. मग तळ्याकाठच्या रस्त्यावर कुठंतरी ट्रक आडवा झालेला, तिथं गाड्यांची रांग लागली होती. घरी पोचेपर्यंत चार वाजून गेले. फोनचं ती जवळजवळ विसरलीच होती. बूट काढायला बाकावर बसली तेव्हा आठवण झाली. पहिल्याच घंटेला फोन उचलला गेला.

"पोचलीस?" विनीचा आवाज कातावलेला होता. "दीड तास झाला! कुठं होतीस?"

"कोबी घेतला जरा. काय झालं? बरं आहे ना तुम्हाला?"

"मला काय धाड भरलीय? ही पोरगी तिसऱ्यांदा येऊन दारात उभी आहे. हिची ड्युटी संपायची वेळ झाली, हिला घरी जायचंय." मग फोन तोंडापासून लांब गेला आणि विनी कुणाला तरी म्हणताना ऐकू आली, "पोचली गं ती घरी. काढ आता केर."

पलीकडं व्हॅक्यूम सुरू झाला. विनीनं फोन ठेवला नव्हता, बहुधा मांडीवर तसाच राहू दिला होता. यंत्र भिंतीपर्यंत गेलं, खुर्चीपाशी आलं, पलंगाखाली शिरलं. एक राहिलेली सुई त्यात खडखडली.

तमारा कोटातच बाकावर बसून सगळी खोली झाडून होईपर्यंत ऐकत राहिली.