कृष्णाबाईचा अबोला

हौसाने राब भरदुपारी पेटवला, ही तिची चूक. पण तिच्या जागी असती तर वाडीतल्या कुठल्याही बाईने तेच केलं असतं.

राब पहाटे लावतात. वारा पडलेला असतो, दोघंचौघं हिरवे डहाळे घेऊन भोवती उभे राहतात, आणि शेण, पाला, काटक्या सावकाश जळून भाताच्या रोपासाठी जमीन भाजून निघते. हौसाचंही तसंच ठरलं होतं. शेजारची कृष्णाबाई बजावून गेली होती, "उद्या कोंबडा आरवला की येते मी. तवर काडी लावू नको गो."

पण दुपारी रोह्याच्या अंगाने आभाळ काळं झालं. वळीव कोसळला असता तर डोक्यावरून वाहून आणलेला पाला भिजून मातीमोल झाला असता. नवरा सखा कंपनीत दुसऱ्या शिफ्टला गेलेला. हौसाने आभाळाकडे बघितलं आणि काडी ओढली.

पाऊस आलाच नाही. आला तो नुसता वारा, आणि तोही असा की उभं राहू देईना. आग बांध ओलांडून गवतात शिरली, गवतातून डोंगरावर चढली. सगळी वाडी डहाळे घेऊन धावली, पण वणवा कुणाच्या बापाला ऐकतो? वरची कारवीची झुडपं धडाधड पेटत गेली.

कृष्णाबाईचं घर डोंगराला टेकून. घरामागची पेंढ्याची उडवी गेली, राबासाठी रचलेला पाल्याचा ढीग गेला. घर तेवढं वाचलं. बाई एकटी, नवरा कधीचाच वारलेला, एकुलती लेक नमिता गडब गावी दिलेली. तोंडाला काजळी फासलेली तशीच ती हौसासमोर येऊन उभी राहिली.

"तुला सांगितलं व्हतं का नव्हतं?"

"बाय, आभाळ आलेलं..."

"मला आभाळ दावू नको. आजपासून तुझी ओटी चढले तर माझं नाव कृष्णा नाय."

आणि तिने शब्द पाळला. एकाच विहिरीवर दोघी पाणी भरायच्या, पण कृष्णाबाईची नजर आपली रहाटावर. हौसा मात्र पार खचून गेली. आईमागे आईची माया दिली ती याच बाईने, आणि आता तीच ओळख दाखवीना.

पावसाळा लागला. डोंगर नागडा, माती धरायला कारवीचं मूळ उरलेलं नाही. तांबडं पाणी वाडीतून वाहायला लागलं. मधूनच वरून दगड सुटायचा आणि कृष्णाबाईच्या मागच्या भिंतीवर आदळायचा. हौसाला घास गोड लागेना. शेवटी ती कृष्णाबाईच्या दारात गेली.

"बाय, माझ्याकडं ऱ्हायला ये. माझं घर शेताकडं हाय, डोंगरापास्नं लांब."

"डोंगर तुला आज दिसला व्हय?" म्हणून कृष्णाबाईने दार लोटून घेतलं.

लावणी आली. राबाविना कृष्णाबाईचं रोप पिवळं, विरळ उगवलेलं. हौसाचं मात्र काळंशार. हौसाने आपलं रोप उपटून मुठी बांधल्या आणि गुपचूप कृष्णाबाईच्या बांधावर नेऊन ठेवल्या. कृष्णाबाईने दोन दिवस ढुंकूनही बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी पाठमोरीच वाकली, एक मूठ सोडली आणि चिखलात रोवायला लागली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मुठी बारीक बांधल्यास."

हौसाला रडूच कोसळलं. पाऊस इतका होता की कुणाला दिसलं नाही.

दुपारपर्यंत दोघी एकाच खाचरात लावत होत्या. पावसाचा जोर वाढला तशी हौसा म्हणाली, "बाय, आज रातीला तरी ये."

"येते गो."

"मग हिकडनंच चल."

"इतक्या दिसांनी तुझ्या घरी रिकाम्या हातानं येऊ? सुकट ठेवलीय, ती आणते. आन् माझी वाकळ. तुझ्या घरातल्या वाकळीत मी नाय निजायची."

हसतच ती इरलं घेऊन बांधाने गेली.

थोड्या वेळाने डोंगरातून घरघर आली. हौसाने मान वर केली तर डोंगराची कूसच खाली सरकत होती. ती ओरडत धावली. पोचली तेव्हा घर नव्हतं. नुसता तांबडा चिखल होता.

दुसऱ्या दिवशी कृष्णाबाई सापडली. नमिता गडबहून आली ती हौसाच्या गळ्यात पडली. "वयनी, आय तुझ्याशी बोलली ना गो? राग पोटात ठेवून नाय गेली, तेवढं तरी बरं झालं." हौसा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

माती दिल्यावर हौसा दिसेना म्हणून सखा शोधत आला. ती कृष्णाबाईच्या खाचरात उरलेली लावणी करत होती.

"चल घरी," तो म्हणाला. "गोडी झाली तुमची. तिचा जीव निवला आसंल."

हौसा वाकलेली तशीच राहिली.

"ती अंधार पडल्याबिगर कधी शेत सोडीत नव्हती, अवो. माझ्यावर रुसलेली आसती तर काल हितंच लावत ऱ्हायली आसती. माझ्याकडं पाठ करून, पण ऱ्हायली आसती."

 सखा चिखलात उतरला आणि त्याने रोपाची एक मूठ सोडली.