केदारच्या मुंडावळ्या

धाकट्या केदारच्या कोटाच्या खिशात बाईचा लाल हातमोजा सापडला, तेव्हाच मी ठरवलं, याचं लग्न उरकायचं. एकच मोजा, जोडी नाही. असेल कुणी गोरी, बायको आली की विसरेल. आमच्याकडे पोरं अशीच ताळ्यावर आणतात. नागपूरची उल्का हेरून ठेवली, माझ्या बॅगेत मुंडावळ्याही होत्या.

केदार अमेरिकेत, वेस्ट विंडसरला थोरल्या परीक्षितकडेच राहतो. परीक्षितची बायको शिवांगी, तिला लायब्ररीतून डीव्हीडी आणायचा नाद. त्या रविवारी सकाळी इजिप्तचा सिनेमा लावला, जुना, काळा-पांढरा.

"आई, झोप येईल तुम्हाला."

"तुझे पोहे चावतेय अजून, झोप कुठली."

खालच्या इंग्रजी ओळी मला कुठल्या वाचता येतात? पण स्टेशनावरचा तो लंगडा पेपरवाला एका बाईकडे बघायचा, ते बघणं मला कळलं. त्याला कुणी जवळ करत नव्हतं. मनातलं बोलायची सोय नव्हती, आतल्या आत नासला. शेवटी हातात सुरा. शिवांगीनं वाचून सांगितलं, लोक म्हणतायत, चल, तुझं लग्न आहे. तो खुशीत हसला, आणि वेड्याला घालतात त्या झग्यात त्यांनी त्याला बांधून नेलं.

ते डोळे रोज माझ्यासमोर बसून जेवत होते.

"शिवांगी, केदार शनिवारीसुद्धा स्टेशनवर कशाला जातो गं? ऑफिस तर बंद."

तिनं टीव्ही बंद केला. "यांनी सांगू नको म्हटलं होतं. भाऊजी तिथे एका बाईच्या मागेमागे जातात. तिनं पोलिसांत कंप्लेंट केलीय."

मी वर गेले. केदार आरशासमोर उभा. मुंडावळ्या त्यानं स्वतःच बांधल्या होत्या, मुठीत तो मोजा.

"आई, आता तरी हसून बोलेल ना ती?"

"कोण, उल्का?"

"कोण उल्का?"

खाली फोन वाजला. उल्काची आई, सुलभाताई.

"भटजींना विचारून तारीख काढू ना?"

"काढू नका."

"का हो, मुलगी पसंत नाही?"

"मुलगी लाखात एक आहे. माझा मुलगा मला पसंत नाही."

फोन ठेवला तर तो जिन्यात. मोत्यांच्या सरी गालांवर लोंबत होत्या. मी परीक्षितला म्हटलं, गाडी काढ.

"कुठे जायचं, आई?" केदार हसला, तस्साच.

लग्नाला, म्हटलं असतं तर निमूट गाडीत बसला असता.

"डॉक्टरकडे," मी म्हणाले. त्याचं हसू गेलं. मुंडावळ्यांची गाठ सोडायला हात पुढे केला, तर त्यानं मला जवळ येऊ दिलं नाही.