विठाच्या नावाचे खाते

बदलापूरच्या पोस्टासमोर ऊन प्रथम चिंचेच्या शेंड्यावर उतरले. तिथे ते बराच वेळ थांबले. मग एकेक फांदी सोडीत कौलांवर आले, कौलांच्या पन्हळींत पिवळसर होऊन साचले, आणि रात्रीचे दव अजून धुळीला धरून होते तिथे परवानगी मागितल्यासारखे हळू पसरले. बंद खिडकीच्या गजांची सावली भिंतीवर तिरकी पडली होती. त्या उजेडाला कसलीच घाई नव्हती. मी मात्र अंबरनाथहून निघालो तेव्हापासून धुमसत होतो.

माझी धाकटी बहीण विठा शिरगावात दिली होती. लग्नात सासरच्यांनी तिचे नाव बदलून राजाबाई ठेवले, ते मी कधीच उच्चारले नाही. भाऊबीजेची ओवाळणी मनिऑर्डरने पाठवावी, तर मनिऑर्डर दारात येते आणि दारात सासू बसलेली असते. म्हणून मी पोस्टात बचत खाते उघडले, विठा याच नावाने. अर्जावर तिचा अंगठा घेतला आणि खात्याचा नंबर तिच्याकडून पाठ करून घेतला. कधी ते घर सोडावे लागले, तर हा नंबर तिचा आधार होईल, असे मला वाटे.

आज तिला शिलाई मशीन घ्यायचे होते, म्हणून पैसे काढायला तीही पोस्टात आली होती. उल्हासनगरच्या कॅम्प एकमधल्या सिंधी दुकानदाराने ते दुपारपर्यंतच राखून ठेवले होते. दुसरे गिऱ्हाईक तयार होते.

खिडकी उघडली. विठाने नंबर घडाघडा म्हटला. कारकुनाने अंगठा घेण्याआधी विचारले, "बाईंना ओळखणारं कोण?"

"मी. भाऊ."

"खातं तुम्हीच उघडलंत, साक्षही तुमचीच? पोस्टाला माहीत असलेला माणूस हवा. भगवंत, तू शिरगावचं टपाल वाटतोस ना? बघ जरा."

पोस्टमन भगवंत टपालाची थैली सावरत हसला. "ह्यांना कोण ओळखत नाही! ह्या राजाबाई."

"इथं विठा लिहिलंय."

"विठा? शिरगावात ह्या नावाची बाई नाही, साहेब. रोज दारोदार हिंडतो मी."

"नंबर तोच आहे!" मी ओरडलो. एरवी तिकीट मागतानाही माझा आवाज फुटत नाही. "पैसे नंबरावर भरलेत की नाही?"

"नंबरानं खातं सापडतं हो. समोर उभं कोण, ते नंबर सांगत नाही," कारकून शांतपणे म्हणाला. "दोन्ही नावं एकाच बाईची, असं नवऱ्यानं लिहून द्यावं, भगवंतानं साक्ष घालावी. लगेच काढून देतो."

"हे गाडीतळावरच हायेत," विठा म्हणाली. "बोलावते."

"नको!" मी तिची वाट अडवली. "तुझ्या पैशाला त्याची सही? आधी नाव हिसकावलं, आता हेही?"

"हळू बोल की, दादा. लोक बघतात." तिने मला चिंचेखाली ओढले. "नाव कुणी हिसकावलं? लग्नात तांदळात नाव लिहायच्या आधी ह्यांनी मलाच इचारलं. मीच सांगितलं, राजाबाई."

"तू?"

"घरी काय होतं? विठे, पाणी आण. विठे, शेण उचल. विठे म्हटलं की अजून डोक्यावर पाटी चढते माझ्या. तुझं तेवढं कानाला गोड लागतं, म्हणून गप ऱ्हायले."

"आणि सासू?"

"सासूनंच मशीन बघून ठेवलंय. पोलकी शिवून इकायची म्हणते, दोघी मिळून."

मला तिचा राग आला, त्या म्हातारीचा आला, कारकुनाच्या शांतपणाचा आला. इतकी वर्षे मी तिच्या सुटकेची तयारी करीत होतो, आणि तिने कोणापासून सुटावे हे मला आता सांगता येईना.

तिचा नवरा, जयदेव, आले. त्यांनी लिहून दिले, भगवंताने साक्ष घातली, कारकुनाने नाव बदलले. पैसे हाती येताच ते म्हणाले, "चला, राजाबाई मालकीणबाई, तुमचा तो सिंधी वाट बघत असेल," आणि ती तोंडाला पदर लावून खळखळून हसली. माहेरी ती तशी हसल्याचे मला आठवत नव्हते.

माझी बहीण सासरी सुखी होती.