समोर कुणी नसलेला खेळ

शनिवार, १२ नोव्हेंबर १९६०. बंगळूर. सकाळपासून भुरभुर, गारठा. कॅरमची फळी सर्दावलेली. बोरिक पावडर दुप्पट लागली.

मी उपेंद्रचा स्ट्रायकर बोलतोय. हस्तिदंती आहे, आता कडेने पिवळा पडलोय. आज दुपारी कारखान्याच्या क्लबात अंतिम सामना झाला. पण आधी मागचं सांगायला हवं, नाहीतर माझ्या मालकाची चूक तुम्हांला निव्वळ वेडेपणा वाटेल.

१९५३ साली चिकपेटेतल्या एका कारागिराने मला लेथवर घडवलं. त्याच दुकानातल्या एकोणीस सोंगट्या, नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या आणि एक राणी, एका डबीत घालून विकल्या गेल्या. मी मात्र कागदात गुंडाळून उपेंद्रच्या खिशात आलो. सोंगटी पॉकेटात गेली की लोक वाहवा करतात. मी गेलो की दंड. कोणत्याच रंगाचा नसलेल्याचं हे असंच असतं.

उपेंद्र मूळचा निपाणीचा. कारखान्यात सुटे भाग मोजून पास-नापास करायचं त्याचं काम, त्यामुळे कामगार त्याच्याशी जपूनच बोलत. चाळिशी उलटलेली, लग्न नाही. डबा तो खिडकीकडे तोंड करून खाई. कारखान्याचा चौघांचा कॅरम संघ दरवर्षी म्हैसूरला जातो. रेल्वेत चौघे समोरासमोर बसतात, एकमेकांच्या डब्यातलं खातात आणि परतल्यावर पंधरा दिवस त्याच गोष्टी सांगतात. तिघे ठरलेले असतात. चौथा स्पर्धेतून निवडतात.

गेल्या वर्षी तो उपांत्य फेरीत हरला. भोवती माणसं जमली, कुणीतरी खोकलं, त्याचं बोट थरथरलं आणि मीच पॉकेटात पडलो. त्या आठवड्यात त्याने नवी वही काढली. पहिल्या पानावर लिहिलं, 'हेतू: म्हैसूरला चौघे जातात, चौथा मी.' त्याखाली, 'अडथळा: माणसं.'

मग क्लबात जाणं बंद झालं. खोलीत फळी मांडून तो एकटाच खेळू लागला. दृष्टी सोंगटीच्या कडेवरच्या एका बिंदूवर, तीन श्वास, मग टोला. पांढऱ्यांकडून खेळायचं, चुकलं की उठून समोर जायचं आणि काळ्यांकडून तितक्याच इमानाने खेळायचं. पुढे उठणंही सोडलं. जागेवरूनच फळी फिरवायची, मला उचलायचं. प्रत्येक डावात मन किती वेळा सुटलं ते वहीत मांडायचं. जानेवारीत एकतीस वेळा. मेमध्ये नऊ. ऑक्टोबरात एकदाही नाही.

घरमालकीण राजलक्ष्मीअक्का कॉफी घेऊन येत, दारात उभ्या राहत.

"आज कोण जिंकलं रे?"

"काळे."

"म्हणजे तूच की."

"हो."

"आणि हरलं कोण?"

त्याने फळी फिरवली. त्या म्हणाल्या, "स्वल्प बाहेर जाऊन ये, राजा. समोर भिंत बसवून माणसाला हरवता येतं होय?"

त्या दिवशी मन एकदा सुटल्याचं वहीत मांडलं गेलं: 'अक्का.'

आज समोर शिवाप्पा होता. ओतकामातला, बेळगावकडचा, तोंडाने मोकळा.

"काय उपेंद्रअण्णा, तोंडात पावडर भरून आलात जणू?"

उपेंद्रला ते ऐकूच आलं नव्हतं. पन्नास माणसं होती, खोकणारेही होते, पण त्याचं बोट दगडासारखं स्थिर होतं. पहिली गेम त्याची, दुसरी शिवाप्पाची. तिसरीत उपेंद्र २६, शिवाप्पा २७. शेवटच्या डावात राणी आणि तिच्या जोडीची पांढरी उपेंद्रने घेतली. त्याच्या दोन पांढऱ्या उरल्या, शिवाप्पाच्या पाच काळ्या. जिंकायला एकोणतीस लागत.

उपेंद्रने मारलेली पांढरी पॉकेटाच्या ओठावर थांबली. शिवाप्पा धोतराच्या सोग्याने चष्मा पुसत होता.

उपेंद्रने तीन श्वास घेतले, मला उचललं आणि काळी सोंगटी अचूक पॉकेटात घातली.

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले.

"अहो अण्णा," शिवाप्पा चष्मा चढवत म्हणाला, "ती पाळी माझी होती."

उपेंद्रने मान वर केली. समोर माणूस बसलेला त्याने बहुधा तेव्हाच पाहिला. "हो, तुमचीच खेळलो," तो म्हणाला. "घरी दोन्हीकडून मीच खेळतो."

हसणं थांबलं.

"सरी, ठीक आहे, परत मांडू की," शिवाप्पा पंचाला म्हणाला. "माझीच सोंगटी घातलीय त्यांनी, माझं काय गेलं?"

पंच नंदकिशोर म्हणाला, "थांबा, नियम बघू दे."

तो पानं चाळत होता तोवर मी फळीच्या मधोमध पडून होतो. एकट्याने सराव करणाऱ्यांनो, एवढं ऐका: दिवसातून एकदा तरी मला समोर सरकवा आणि कुणाच्या तरी हाताची वाट बघा.

नंदकिशोरने मोठ्याने वाचलं: पाळी नसताना खेळणाऱ्याचा डाव गेला, त्याच्या उरलेल्या सोंगट्या प्रतिस्पर्ध्याचे गुण.

पाटीवर त्याने खडूने लिहिलं: तिसरी गेम, शिवाप्पा २९, उपेंद्र २६. म्हैसूरसाठी चौथा, शिवाप्पा.